गळ टाकणारा राजा : कल्याणीचा सोमेश्वर आणि त्याचा ‘मत्स्यविनोद’

दुक्म (ओमान) : दुक्मला नदी नाही. अल् वुस्ता प्रांताच्या या किनारपट्टीवर पाऊस झालाच, तर अरबीत ज्यांना वादी म्हणतात त्या कोरड्या पात्रांतून काही तास पाणी धावते आणि पुन्हा वाळू उरते. बंदर, जहाजदुरुस्तीची गोदी आणि तेलशुद्धीकरण प्रकल्प यांनी गजबजलेल्या या गावात मासा मिळतो तो समुद्राचा. तरीही सुटीच्या आदल्या संध्याकाळी काठी आणि दोरी घेऊन खडकांवर जाणाऱ्याला जो प्रश्न पडतो, तो नदीकाठच्या माणसाच्याच प्रश्नासारखा असतो. भरती-ओहोटीचे पाणी एका दिशेने ओढत असताना गळाचे आमिष माशाच्या तोंडापुढे असे कसे न्यावे, की त्याला ते कोणी ओढून आणलेले वाटू नये?

या प्रश्नाचा विचार दख्खनच्या एका राजाने सुमारे नऊशे वर्षांपूर्वी केला होता, आणि केवळ विचार करून तो थांबला नाही. त्याने तो संस्कृत श्लोकांत बांधून ठेवला. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सोमेश्वर तिसरा हा तो राजा. मराठी वाचकाला त्याचे नाव माहीत असते ते बहुधा ओवीमुळे. मराठी भाषेचा इतिहास सांगणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात त्याच्या ‘मानसोल्लासा’चा उल्लेख येतो. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात राहते.

कल्याणी म्हणजे मुंबईजवळचे कल्याण नव्हे. आजच्या कर्नाटकातील बीदर जिल्ह्यात, लातूर आणि धाराशिवच्या (पूर्वीच्या उस्मानाबादच्या) सीमेला लागून असलेले बसवकल्याण ते हेच. कन्नड आणि मराठी जेथे एकमेकींत मिसळतात, अशा पट्ट्यातील ही राजधानी होती. तिच्या परिसरातून मांजरा वाहते. दक्षिण-पश्चिमेला भीमा आणि कृष्णा, उत्तरेला गोदावरी. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणाऱ्या आणि उन्हाळ्यात डोहांच्या माळेत आकसून जाणाऱ्या या नद्या. ज्याला मासे ओळखायचे आहेत त्याला अशा नद्यांपेक्षा चांगली शाळा मिळणे कठीण. पूर ओसरताना मासा धारेत असतो, उन्हाळ्यात डोहात, आणि या दोन्ही वेळी त्याला गाठण्याची रीत वेगळी असते.

सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य हा कल्याणीच्या गादीवरील सर्वांत मोठा राजा. १०७६ मध्ये राज्यावर आल्यावर त्याने शकाऐवजी स्वतःच्या नावाचा चालुक्य-विक्रम संवत सुरू केला आणि पुढे पन्नास वर्षे राज्य केले. त्याच्या दरबारात काश्मीरहून आलेल्या बिल्हणाने त्याचे काव्यमय चरित्र लिहिले, आणि त्याच्याच आश्रयाने विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ ही टीका सिद्ध केली, जिच्या आधारे हिंदूंचा वारसाहक्क देशाच्या मोठ्या भागात पुढील आठ शतके ठरत आला. अशा दरबारात वाढलेल्या राजपुत्राला शस्त्र आणि शास्त्र यांत फार अंतर वाटले नसावे. सोमेश्वराने पुढे आपल्या पित्याच्या जीवनावर ‘विक्रमांकाभ्युदय’ हा ग्रंथही लिहिला. मोठ्या बापाच्या मुलांवर जे ओझे असते ते त्याच्यावर होतेच. ते त्याने लेखणीने उचलले.

११२६ मध्ये विक्रमादित्य निवर्तला आणि सोमेश्वर गादीवर आला. त्याने भूलोकमल्ल हे बिरुद घेतले. भूलोकीचा मल्ल, असा त्याचा अर्थ. दुसरे बिरुद होते सर्वज्ञ. पहिले बिरुद राजाला शोभणारे, पण लोकांनी आणि इतिहासाने लक्षात ठेवले ते दुसरे. त्याच्या कारकिर्दीत पराक्रमाची मोठी नोंद थोडी. दक्षिणेत होयसळ विष्णुवर्धन हा नावाने मांडलिक, पण मनाने स्वतंत्र होता आणि आपला प्रदेश सतत उत्तरेकडे वाढवू पाहत होता. शिलालेख सोमेश्वराच्या दक्षिणेकडील स्वारीचा उल्लेख करतात. तरी बापाने उभारलेले साम्राज्य पसरवण्यापेक्षा ते टिकवण्यातच त्याची बारा वर्षे गेली. युद्धाच्या तराजूत त्याला तोलणारे इतिहासकार त्याला हलका ठरवतात. पण त्या तराजूत ‘मानसोल्लास’ घालायला जागा नाही.

या ग्रंथाचे दुसरे नाव ‘अभिलषितार्थचिंतामणी’, म्हणजे हवे ते देणारे रत्न. पाच भाग, प्रत्येक भागात वीस प्रकरणे, अशी शंभर प्रकरणे आणि सुमारे आठ हजार श्लोक. ग्रहगणितासाठी त्यात शके १०५१ हे वर्ष आधार म्हणून धरले आहे, त्यावरून ग्रंथरचना ११२९ च्या सुमाराची ठरते. काही अभ्यासक ती ११३१ पर्यंत पुढे नेतात. राज्य कसे मिळवावे, मिळाल्यावर ते स्थिर कसे करावे, ही पहिल्या दोन भागांची कामे. त्यानंतर मात्र ग्रंथ घरात शिरतो. अंघोळ, तांबूल, वस्त्रे, अंथरूण, भोजन यांचा तपशील येतो. आजच्या इडलीची पूर्वज मानली जाणारी इड्डरिका, मांड्यांचे नाते सांगणारे मंडक आणि वडे यांची कृती त्यात आहे. शेतातल्या उंदरांचे मांस कसे भाजावे हेही एक राजा तितक्याच गंभीरपणे सांगतो. लाज किंवा तिटकारा त्याच्या लेखणीला ठाऊक नाही.

चौथा भाग विनोदांचा. विनोद म्हणजे मन रमवण्याचे प्रकार. हत्ती, घोडे, मल्ल, कोंबड्यांच्या झुंजी, ससाण्याची शिकार, मृगया आणि त्यांच्याच पंक्तीत माशांचा खेळ. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मासे पकडणे हा उपजीविकेचा धंदा होता आणि वर्णव्यवस्थेत तो करणाऱ्यांना खालचे स्थान होते. राजाने तो खेळ म्हणून उचलला, यात आश्चर्य नाही. राजे बरेच काही उचलतात. आश्चर्य हे की त्याने तो नीट शिकून घेतला. मत्स्यविनोदात सुमारे पस्तीस प्रकारच्या माशांची नावे आहेत. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते. खवले असलेले कोणते आणि नसलेले कोणते. आकाराने मोठे, मध्यम, लहान कोणते. कोण काय खातो. अशी यादी राजवाड्यात बसून करता येत नाही. ती नदीकाठच्या माणसांकडून आलेली आहे. भोई, कोळी, नावाडी यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ज्ञानातून. त्या माणसांची नावे ग्रंथात नाहीत. श्लोक राजाचे आहेत आणि जवळजवळ प्रत्येक श्लोकामागे एक निनावी भोई उभा आहे.

राजाची पद्धत थोडक्यात अशी. आधी मासा ओळखायचा, मग त्याचे खाणे ओळखायचे. कोणत्या माशाला कोणते आमिष, हे जातीनुसार ठरते. धान्याच्या पिठाचे गोळे एकाला आवडतात, तर मांसाचा तुकडा दुसऱ्याला. मग जागा निवडून तेथे माशांना खाऊ घालायचे, म्हणजे ते त्या ठिकाणी येऊ लागतात. त्यानंतर काठी, दोरी आणि गळ. आजही पाश्चात्य देशांत नदीवर मासेमारी करणारे आधी पाण्यात खाद्य टाकून मासे जमवतात आणि मगच गळ टाकतात. बाराव्या शतकातील दख्खनी राजाला ही युक्ती पूर्ण अवगत होती.

वाहत्या पाण्यात ही युक्ती दिसते तितकी सोपी नसते, आणि येथेच त्या निनावी माणसांचे कसब कळते. नदीतला मासा बहुतेक वेळ तोंड प्रवाहाच्या दिशेला, म्हणजे वरच्या बाजूला करून असतो. त्याला श्वासासाठी आणि खाण्यासाठी पाणी समोरून यावे लागते. पण दिवसभर वेगवान धारेशी झुंजत राहणे त्याला परवडत नाही. म्हणून तो मोठ्या दगडाच्या आडोशाला, काठाच्या खोबणीत, किंवा धावती धार आणि संथ पाणी जेथे एकमेकांना घासतात त्या रेषेवर थांबतो. तेथे थोड्या श्रमात उभे राहता येते आणि शेजारून वाहत जाणारे खाद्य झडप घालून टिपता येते. भीमा-कृष्णेच्या काठचा कोणताही जुना मासेमार पाण्याकडे पाहून या जागा दाखवू शकतो. पृष्ठभागावर फेसाची लांबट रेघ दिसली की तिच्या कडेला गळ टाकावा, हे त्याला शिकवावे लागत नाही.

आता अशा जागी खाद्य टाकायचे तर ते टाकले तेथे राहत नाही. हलके पीठ धारेबरोबर खाली वाहून जाते आणि मासे त्याच्यामागे. म्हणून गोळा इतका घट्ट हवा की तो तळाशी जाऊन हळूहळू विरघळावा; किंवा तो वरच्या बाजूला इतक्या अंतरावर टाकावा, की विरत विरत माशाच्या जागेपर्यंत पोचावा. गळाचेही तसेच. दोरी आडवी पाण्यात पडली की मधली वेगवान धार तिला पोटात ओढते, दोरी धनुष्यासारखी वाकते आणि तिच्या टोकाचे आमिष आसपासच्या पाण्यापेक्षा वेगाने सरकू लागते. पाण्याबरोबर वाहणारी अळी किंवा किडा कधी असा धावत नाही. मोठा, वयस्क मासा अशा आमिषाकडे पाहून मागे वळतो. नदीवरच्या मासेमारीची सारी कला, आमिष खाण्याचे असो की कृत्रिम, या एका अडचणीभोवती फिरते: दोरी हातात असताना तिचा ताण आमिषाला कळू द्यायचा नाही.

जगात अन्यत्रही लोकांनी हीच गाठ वेगवेगळ्या रीतींनी सोडवली. रोमन काळातील एलियन या लेखकाने इसवी सन २०० च्या सुमारास मॅसिडोनियातील एका नदीवर लाल लोकर आणि पिसे गळाला बांधून तयार केलेली कृत्रिम माशी वापरणाऱ्या लोकांचे वर्णन केले आहे. कृत्रिम आमिषाची ती सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक. त्या मानाने सोमेश्वर खूप नंतरचा, आणि त्याचे आमिष खाण्याचेच. पण इंग्लंडमध्ये गळाच्या मासेमारीवरचा पहिला छापील ग्रंथ १४९६ मध्ये निघाला आणि आयझॅक वॉल्टनचे प्रसिद्ध पुस्तक १६५३ मध्ये. भारतीय राजा त्यांच्याआधी साडेतीन आणि पाच शतके लिहून मोकळा झाला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडमधील डी नदीवर आर्थर वुड या मासेमाराने दोरीला वंगण लावून ती पाण्यावर तरंगती ठेवण्याची आणि धारेने वाकवलेली दोरी अलगद उचलून वरच्या बाजूला टाकण्याची पद्धत रूढ केली. दोरीचा ताण आमिषापासून लपवण्याचाच तो आणखी एक मार्ग. इतक्या दूरच्या काळात आणि देशांत लोक एकाच अडचणीपाशी येतात, याचे कारण साधे आहे: पाणी सगळीकडे तसेच वाहते.

सोमेश्वराच्या माशांत समुद्राचे मासे कसे आले, याचेही उत्तर त्याच्या राज्यात आहे. कोकण किनारा त्याच्या मांडलिकांकडे होता. गोव्याचे कदंब हे कल्याणीचे आप्त. विक्रमादित्याची कन्या मैलालदेवी कदंब राजा दुसरा जयकेशी याला दिली होती. या किनाऱ्यावरून अरबस्तानाशी व्यापार चाले. कदंबांच्या १०५९ च्या पणजी येथील ताम्रपटात अरब वंशाच्या एका अधिकाऱ्याचा उल्लेख येतो, इतका तो संबंध जुना आणि जिव्हाळ्याचा होता. ओमानच्या किनाऱ्यावरील कलहात बंदरातून घोडे हिंदुस्थानात जात असल्याचे मार्को पोलोने तेराव्या शतकात नोंदवले. दख्खनच्या घोडदळाला लागणारी जनावरे ज्या समुद्रातून आली, त्याच समुद्रातले मासे राजाच्या यादीत आले. दुक्मच्या खडकावरून पूर्वेकडे पाहिले तर मध्ये तोच समुद्र आहे.

सोमेश्वराच्या ग्रंथात एक योगायोग असा आहे की तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. संगीताच्या प्रकरणात त्याने वेगवेगळ्या भाषांतील गीतांचे नमुने दिले आहेत. महाराष्ट्रात बायका धान्य कांडताना ओवी गातात, ही प्रसिद्ध नोंद तेथलीच. त्याच ठिकाणी विष्णूच्या अवतारांवरील काही मराठी ओळी आहेत, ज्या मराठीच्या सर्वांत जुन्या ज्ञात पद्यांपैकी मानल्या जातात. त्यांतील पहिला अवतार मत्स्याचा. रसातळातून वेद वर आणणारा मासा मराठीच्या आद्य पद्यात पोहत असताना, काही प्रकरणे पलीकडे तोच राजा माशाला कोणते पीठ आवडते ते सांगतो. आपल्या संस्कृतीत माशाची पूजा आणि माशाची आमटी यांत कधीच भांडण नव्हते, याचा याहून चांगला दाखला सापडणार नाही.

११३८ मध्ये सोमेश्वराचे निधन झाले. त्याच्या मागून मुलगा दुसरा जगदेकमल्ल गादीवर आला, त्यानंतर दुसरा मुलगा तिसरा तैलप. तैलपाच्या काळात मांडलिक कलचुरी बिज्जळ शिरजोर झाला आणि वीसेक वर्षांच्या आत कल्याणी त्याच्या हाती गेली. बिज्जळाच्याच राज्यात बसवेश्वरांची चळवळ उभी राहिली आणि गावाचे नाव पुढे बसवकल्याण झाले. शतक संपता संपता चालुक्यांचा मुलूख उत्तरेत यादवांनी आणि दक्षिणेत होयसळांनी वाटून घेतला. राजाने आपले पुस्तक ज्या राज्यासाठी लिहिले ते राज्य त्याच्या मृत्यूनंतर पाऊणशे वर्षेही टिकले नाही. राजा नद्यांत आणि श्लोकांत रमला नसता तर ते टिकले असते का? होयसळ आणि कलचुरी यांची भूक पाहता तसे वाटत नाही. सोमेश्वराला दोष द्यायचा असेल तर तो दुसऱ्या कारणाने द्यावा: ज्यांच्याकडून तो शिकला त्यांचे एकही नाव त्याने लिहून ठेवले नाही.

पुस्तक मात्र वाचले जात राहिले. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने आपल्या पूर्वसूरींत सोमेश्वराचे नाव घेतले. ज्या यादवांनी त्याचे राज्य घेतले, त्यांच्याच दरबारात त्याला गुरूचे स्थान मिळाले. पुढे हस्तलिखिते ग्रंथालयांत पडून राहिली. बडोद्याच्या गायकवाड संस्थानाच्या प्राच्यविद्या ग्रंथमालेत गजानन कुशाबा श्रीगोंदेकर यांनी ‘मानसोल्लासा’चे संपादन हाती घेतले. पहिला भाग १९२५ मध्ये, दुसरा १९३९ मध्ये आणि तिसरा १९६१ मध्ये निघाला. शंभर प्रकरणांचा ग्रंथ छापील रूपात यायला छत्तीस वर्षे लागली. कल्याणीच्या राजाचे हे ऋण एका मराठी पंडिताने मराठी संस्थानात बसून फेडले, असे म्हणायला हरकत नाही.

मत्स्यविनोदाला योग्य वाचक मिळाला तो १९५१ मध्ये. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे संचालक सुंदरलाल होरा यांनी एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या प्रकरणावर निबंध लिहिला. हा वाचक योगायोगाने आलेला नव्हता. डोंगरी ओढ्यांच्या खळाळत्या धारेत मासे तग कसे धरतात, दगडाला कसे चिकटतात, त्यांची शरीरे प्रवाहाने कशी घडतात, हा होरांचा आयुष्यभराचा विषय. पूर्व हिमालयातील अशा माशांचे नातेवाईक सह्याद्रीत कसे पोचले, याचा उलगडा करण्यासाठी त्यांनी सातपुड्याच्या मार्गाची कल्पना मांडली होती. धारेतला मासा ज्याने तीस वर्षे अभ्यासला, त्याच्या हाती धारेत गळ टाकणाऱ्या राजाचे श्लोक पडले.

होरांनी संस्कृत नावे आणि आजच्या शास्त्रीय जाती यांची सांगड घालण्याचा प्रयत्न केला. काम अवघड होते. संस्कृत नावे एका नदीकाठी एका माशाची आणि दुसऱ्या काठी दुसऱ्याची असतात. त्यांच्याआधी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कर्नल विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याच्या मुळा-मुठेतील आणि भीमेतील माशांची वर्णने केली, तेव्हा त्याने वेगळी वाट धरली होती. त्याने अनेक माशांना स्थानिक मराठी नावेच लॅटिन करून दिली. दख्खनच्या महाशीराच्या शास्त्रीय नावातला खुद्री हा शब्द तेथून आला. साइक्सने नदीकाठच्या माणसाला विचारले आणि त्याचा शब्द तसाच ठेवला. सोमेश्वराने विचारले आणि त्याचे संस्कृत केले. होरांपुढे कोडे पडले ते यामुळेच.

बसवकल्याणात आज किल्ला आहे, बसवेश्वरांचे स्मारक आहे. मांजरेवर धरणे झाली आहेत आणि नदी पूर्वीसारखी धावत नाही. जेथे ती अजून खडकांतून वाट काढते, तेथे पाऊस ओसरल्यावर काठावर माणसे बसलेली दिसतात. हातात बांबूची काठी, शेजारी कणकेचा गोळा, आणि डोळे फेसाच्या त्या रेघेवर.